प्रश्न विचारणारा गृहस्थ

एमेट गॅरिटीच्या पोटात दुखायला नेमकं कधी लागलं, हे तो मेला तरी सांगणार नाही. पण न्यूयॉर्कात हालासबाईंच्या खाणावळीत जेवणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. क्लीव्हलंडच्या एका वर्तमानपत्रात त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या खेळाबद्दल चार ओळी छापून आल्या होत्या. तीन ओळी बायकोच्या, म्हणजे ट्रूडी लेंझच्या. ती कशी चालते, कशी पडते, पडून उठल्यावर कशी काही झालंच नाही असा चेहरा करते. आणि चौथी ओळ अशी, की लेंझबाईंना प्रश्न विचारायला एक गृहस्थही आहेत. झालं. नाव नाही, गाव नाही, नुसते गृहस्थ. त्यानंतर कितीतरी महिने टेबलावर कुणी मीठ मागितलं, की एमेट मिठाची वाटी पुढं सरकवत म्हणायचा, “घ्या, गृहस्थाच्या हातचं घ्या.” हालासबाईंनी एकदा वैतागून त्याच्यापुढची वाटीच उचलून नेली.

दोघं व्हॉडव्हिलमधली. एका तिकिटात कसरतवाले, जादूगार, शिकवलेले कुत्रे, गाणारे, नाचणारे, आणि त्यांच्या मधोमध एखादी हसवणारी जोडी, असा तो सगळा कारभार. आज या गावात, पुढच्या आठवड्यात त्या गावात. फलकावर नाव ‘लेंझ आणि गॅरिटी’. तिचं माहेरचं नाव पहिलं, कारण त्यांचा एजंट सॉल पिंस्कर म्हणाला होता, की तसं कानाला बरं लागतं. एमेटनं ते उलटसुलट म्हणून पाहिलं. त्याच्या कानाला काही ते तसं लागलं नाही.

खेळ साधा होता. एमेट रेल्वेचा तिकीटबाबू. ताठ कॉलर, कानावर पेन्सिल, खिडकीमागं उभा. ट्रूडी एका हातात फुटायला आलेली पेटी आणि दुसऱ्या हातात टोपली घेऊन यायची. टोपलीतून भुसा भरलेल्या हंसिणीची मान बाहेर. बहिणीकडं जायचंय, म्हणायची. तो विचारायचा, बहीण कुठं राहते? नवऱ्याबरोबर. आणि नवरा कुठं राहतो? ट्रूडी जरा हंसिणीकडं बघायची, जरा लोकांकडं बघायची आणि म्हणायची, ते तिलाही ठाऊक नाही. यावर बाल्कनीतले लोक कठडे बडवायचे. मग हंसिणीला अर्धं तिकीट की पूर्ण, तिनं टोपी घातली तर ती बाईमाणूस धरायची की सामान, असं करत करत शेवटी गाडी निघून जायची. धूर, शिट्टी आणि फलाटावर ट्रूडी. ती हंसिणीला म्हणायची, “चल, बहिणीला कळवून टाकू की आपण येऊन गेलो.” त्या एका वाक्यावर तिनं बारा वर्षं राज्य केलं.

आता हसवणारा हसवतो, हे आंधळ्यालाही दिसतं. प्रश्न विचारणारा काय करतो, ते मात्र धंद्यात हाडं झिजवल्याशिवाय कळत नाही. ट्रूडीचं उत्तर पडलं, हशा उसळला, की एमेटनं थांबायचं. कॉलर सारखी करायची, पेन्सिलीचं टोक बघायचं आणि कान हशाकडं ठेवायचा. हशा चढतोय तोवर गप्प. उतरायला लागला, पण अजून मेलेला नाही, त्या क्षणी पुढचा प्रश्न. लवकर बोललं तर शब्द हशात बुडाले आणि उशीर झाला तर थिएटर गार पडलं. एमेट त्यात कधी चुकला नाही. तापात चुकला नाही, बाप गेल्याची तार खिशात होती त्या दिवशीही चुकला नाही. हशाला जागा तो करून द्यायचा आणि त्या जागेवर ऐटीत जाऊन बसायची ट्रूडी. मग जळफळाट होईल नाही तर काय होईल?

बरं, ट्रूडी बिचारी मिजासखोर असती तर त्याला निदान भांडता तरी आलं असतं. ती होती रिजवुडच्या एका जर्मन खाटकाची पोरगी, रुंद खांद्यांची, मोठ्या पायांची, कधी कुणाशी वाकडं न बोललेली. ती कांदे घ्यायला गेली आणि “कांदे आहेत का?” एवढंच म्हणाली, तरी वाणी हसायचा. रस्त्यात लोक थांबवून तिला आपल्या बहिणीचे पत्ते सांगायचे. आणि मग एमेटकडं वळून विचारायचे, “तुम्ही ट्रूडीबाईंचे मिस्टर ना?” एमेट हसून हो म्हणायचा आणि खाणावळीच्या वरच्या आपल्या खोलीत येऊन बूट इतक्या जोरात काढायचा, की खालच्या मजल्यावरच्या हालासबाई छताकडं बघायच्या.

त्याच्याकडं स्वतःचं असं एकच होतं, खेळाच्या शेवटचं गाणं. गाडी गेल्यावर तिकीटबाबू खिडकीतला दिवा मालवतो आणि दोन कडवी म्हणतो. ‘शेवटची गाडी गेली गं, दिवा तेवढा राहिला.’ आवाज खरंच चांगला होता त्याचा, भरदार, खालच्या पट्टीतला. उगाच कशाला खोटं बोला. पण तोवर ट्रूडीनं लोकांना हसवून हसवून रडवलेलं असायचं. गाणं चालू असताना ते डोळे पुसायचे, नाकं शिंकरायचे, शेजारच्याला “येऊन गेलो म्हणे” करून कोपरानं ढोसायचे. डोळे पुसायला सवड हवी, म्हणून एमेटचं गाणं, असा सगळा प्रकार.

अशात बोलपट आले. पडद्यावरची माणसं बोलायला लागली आणि जिकडंतिकडं थिएटरवाल्यांनी व्हॉडव्हिलवाल्यांना निरोप द्यायला सुरुवात केली. ब्रुकलिनमध्ये एक स्टुडिओ मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवायचे छोटे विनोदी बोलपट काढायचा आणि त्यासाठी व्हॉडव्हिलच्या जोड्या बोलावून घ्यायचा. पिंस्करनं खटपट करून लेंझ आणि गॅरिटीचा नंबर लावला. दिग्दर्शक होता हॅडली नावाचा एक सज्जन माणूस. आयुष्यभर मुके चित्रपट काढलेला. आवाज म्हटला की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं.

पहिल्या दिवशी आवाजाची परीक्षा झाली. भिंतींना गोधड्या मारलेल्या, पंखे बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. कॅमेरा आणि कॅमेरावाला एका लाकडी कोठडीत कोंडलेले, कारण कॅमेऱ्याचाही आवाज येतो. मायक्रोफोन तिकिटाच्या खिडकीवर फुलांच्या कुंडीत लपवला होता, म्हणजे बरोबर एमेटच्या हनुवटीखाली. आवाजवाला कानावरचं यंत्र काढून बाहेर आला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, बाईंचा आवाज जरा चिरकतोय, पण या गृहस्थांचा आवाज, वा, एकदम सोनं. गृहस्थ! तोच शब्द, पण काय त्याची चव होती त्या दिवशी. हॅडलीनंही मान डोलवली. लोकांना गाणं आवडलं, तर पुढचा बोलपट एकट्या गॅरिटींचा, नुसत्या गाण्यांचा काढू, म्हणाला. पिंस्करनं ते ऐकलं आणि एमेटच्या पाठीवर थाप मारली. ट्रूडीनं त्याच्या गालाचा मुका घेतला. एमेट तिथंच हरभऱ्याच्या झाडावर चढला तो काही उतरला नाही.

घोडं अडलं ते पुढं. एका रिळात मावतं दहा मिनिटांचं आणि खेळ त्याहून बराच लांब. मध्ये कापायची, जोडायची सोय नाही. आवाज मेणाच्या तबकडीवर एका दमात कोरला जायचा, जे झालं ते झालं. हॅडली म्हणाला, गाणं काढू या.

एमेटचा चेहरा पांढरा पडला. मग त्याला सुचलं. सुचलं म्हणजे काय, ते त्याच्या मनात आधीपासून दबा धरून बसलेलंच असणार. तो म्हणाला, गाणं काढायची गरज नाही. खेळ लांबतो तो लोकांच्या हसण्यानं. इथं हसणारे नाहीत. मी थांबलो नाही, एका प्रश्नावर दुसरा प्रश्न टाकत गेलो, की सगळं गाण्यासकट दहा मिनिटांत बसतं.

ट्रूडी टोपलीतली हंसीण नीट करत होती. ती म्हणाली, “एमेट, इथं हसणारे नाहीत. पण तिथं असतील ना?”

“तिथं कुठं?”

“थिएटरात. बोलपट बघायला येतील ती माणसंच असतील ना? त्यांच्यासाठी जागा सोडायला हवी.”

हॅडलीनं दोघांकडं पाहिलं आणि मग एमेटकडंच पाहिलं, कारण वेळेचं गणित त्याचं, हे पिंस्करनं आधीच सांगून ठेवलं होतं. आता इथं एमेटला खरं काय ते माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. जागा सोडली नाही तर ट्रूडीचा हशा उमलायच्या आत खुडला जाईल, हे त्याच्याइतकं त्या शहरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. त्याला तेच तर हवं होतं. बारा वर्षं त्यानं त्या हशाला पाट मांडला होता. आता एकदा, फक्त एकदा, पाट काढून घ्यायचा होता.

“पडद्याकडं बघताना लोक एवढे हसत नाहीत,” तो म्हणाला. “गुपचूप बघतात. मी पाहिलंय.”

ट्रूडीनं टोपली उचलली. मग म्हणाली, “बरं. वेळेचं तुलाच कळतं.”

हे ती मनापासून म्हणाली होती. 

चित्रण झालं तो दिवस भट्टीसारखा तापला होता. तांबडा दिवा लागला, दारं बंद झाली आणि एमेटनं सुरुवात केली. बहीण कुठं राहते? नवऱ्याबरोबर. आणि नवरा कुठं राहतो? ते तिलाही ठाऊक नाही. आणि हे शब्द तिच्या ओठांवर असतानाच त्याचा पुढचा प्रश्न आदळला. ट्रूडी क्षणभर बिचकली. मग सावरली आणि त्याच्या मागं धावत सुटली. उत्तर आलं की प्रश्न, उत्तर आलं की प्रश्न. कॉलर सारखी करणं नाही, पेन्सिल बघणं नाही. त्याला एवढी मजा लग्नाच्या दिवशीही आली नव्हती. फक्त एकदा त्याची नजर दिव्यांच्या पलीकडं गेली. तिथं स्टुडिओतलं सामान हलवणारा एक माणूस आपली टोपी तोंडात कोंबून उभा होता आणि त्याचे खांदे गदगदत होते. बायको या मुक्याबहिऱ्या खोलीतसुद्धा हसवतेय, हे पाहून एमेटचं डोकं सणकलं आणि तो आणखी घाईनं बोलायला लागला.

मग गाडीची शिट्टी झाली, ट्रूडीनं आपलं वाक्य म्हटलं आणि तिच्या शेवटच्या शब्दाला चिकटूनच त्यानं गाणं उचललं. दोन्ही कडवी म्हटली. कुणी खोकलं नाही, कुणी नाक शिंकरलं नाही, कुणी कुणाला ढोसलं नाही. अशी शांतता त्याच्या गाण्याला जन्मात मिळाली नव्हती. शेवटचा सूर सोडताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गाणं असं ऐकायचं असतं, असं त्याच्या मनात आलं.

बोलपट बाहेर यायला पानगळ उजाडली. तोवर एमेटनं खाणावळीत नुसता वैताग आणला. मायक्रोफोनपुढं कसं उभं राहावं हे तो तिथं जेवणाऱ्या दोघा कसरतवाल्या भावांना शिकवायला लागला. गळ्याला मफलर आला. हालासबाईंच्या कोबीच्या भाजीत तिखट जास्त असतं आणि ते आवाजाला बरं नाही, असंही एक दिवस त्यानं ऐकवलं. बाईंनी त्याला त्या दिवशी उकडलेला बटाटा दिला, नुसता. ट्रूडीला मात्र त्याचा आनंद बघून बरं वाटत होतं. नवरा इतका खुशीत असलेला तिनं फार वर्षांत पाहिला नव्हता. त्याला एकट्याला बोलपट मिळाला तर तू काय करशील, असं हालासबाईंनी तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, घरी बसून त्याचे मोजे रफू करेन, खूप साठलेत. हे एमेटनं जिन्यावरून ऐकलं आणि त्याला तिची जराशी दयाही आली. किती सोयीची असते अशी दया!

शनिवारी दुपारी ब्रुकलिनच्या एका मोठ्या थिएटरात ते बघायला गेले. एमेट, त्याच्या एका बाजूला ट्रूडी, दुसऱ्या बाजूला हालासबाई ठेवणीतली टोपी घालून, आणि पलीकडं पिंस्कर. पुढच्या कुठल्यातरी रांगेत हॅडलीसाहेब स्टुडिओच्या मालकाला घेऊन बसलेत, असं पिंस्करनं सांगितलं. थिएटर गच्च भरलेलं. दिवे गेले, पडद्यावर नावं आली. लेंझ आणि गॅरिटी.

खिडकी आली, तिकीटबाबू आला. छान दिसत होता. आवाज तर काय, सोनंच. बहीण कुठं राहते? नवऱ्याबरोबर. आणि नवरा कुठं राहतो?

ते तिलाही ठाऊक नाही.

आणि थिएटर फुटलं. खालून, वरून, बाल्कनीतून हशाचा असा लोंढा आला, की एमेटच्या खुर्चीची पाठ हादरली. पडद्यावरच्या तिकीटबाबूनं तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. त्याचा शब्द काही कुणाला ऐकू गेला नाही. हशा उतरतोय तोवर ट्रूडीचं पुढचं उत्तर आलं. प्रश्न कुणी ऐकलाच नव्हता, पण लोकांना त्याचं काय? हंसीण टोपलीत टोपी घालून बसली होती आणि ती रुंद बाई तिच्याकडं बघत होती, एवढं त्यांना पुरे होतं. पुन्हा लोंढा. पुन्हा तिकीटबाबूचं तोंड पाण्यातल्या माशासारखं उघडमिट.

हशा खुडला जाईल, असं एमेटला वाटलं होतं. हशा खुडला गेला नाही, तो त्याच्यावरच येऊन बसला. ट्रूडीचं एकही वाक्य बुडालं नाही. बुडाला तो प्रश्न विचारणारा गृहस्थ.

एमेट दोन्ही हातांनी गुडघे धरून बसला होता. हालासबाईंना वाटलं, हा काहीतरी पुटपुटतोय. त्या जरा वाकल्या. तो पडद्यावरच्या स्वतःला सांगत होता, थांब. आता थांब. अरे, थांब ना जरा. त्याच्या कानाला प्रत्येक हशाची चढण कळत होती, उतरण कळत होती. इथं कॉलर, इथं पेन्सिल, आता विचार, असं त्याच्या बोटांना सुद्धा कळत होतं. पडद्यावरचा मात्र थांबायला तयार नव्हता. तो आपला हसऱ्या चेहऱ्यानं घाई घाई पुढं चालला होता. आजच नाही, उद्याही तसाच जाणार होता, शिकागोत, बॉस्टनमध्ये, जिथं जिथं ते रीळ जाईल तिथं.

मग शिट्टी झाली. गाडी गेली. ट्रूडी हंसिणीला म्हणाली, चल, बहिणीला कळवून टाकू की आपण येऊन गेलो.

असा हशा बारा वर्षांत झाला नव्हता. लोक खुर्च्यांवरून पुढं वाकले, एकमेकांच्या अंगावर पडले. एक म्हातारा काठी आपटत होता. आणि त्या सगळ्याखाली कुठंतरी एमेटचं गाणं सुरू झालं. दिवा मालवला गेला तो दिसला. हात छातीवर गेला तो दिसला. सूर एकही नाही. पहिलं कडवं अर्ध्याच्या वर संपलं असावं. ओठांवरून तसं वाटत होतं. हालासबाईंनी त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, “अरे गॅरिटी, तुझं गाणं कधी आहे?”

 तेवढ्यात त्याच्या शेजारची ट्रूडी उठून उभी राहिली. सबंध थिएटरात हसत नव्हती अशी ती एकटीच असेल. ती पडद्याकडं पाठ करून मागच्या रांगांकडं वळली आणि पहिल्या रांगेपासून बाल्कनीपर्यंत पोचेल अशा आपल्या त्या चिरक्या, खाटकाच्या दुकानात घडलेल्या आवाजात म्हणाली, “अहो मंडळी, जरा गप्प बसा की. माझा नवरा गातोय.”

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग आवाज ओळखला गेला. पडद्यावरचे मोठे पाय, रुंद खांदे, तीच बाई इथं, अंधारात, खरीखुरी! आणि जो हशा आता उठला, त्यापुढं आधीचा काहीच नव्हता. लोक टाळ्या पिटायला लागले, कुणी तिला बहिणीचा पत्ता विचारला. ट्रूडी दोन्ही हात हलवून त्यांना गप्प करत होती, जीव तोडून, आणि ती जितके हात हलवी तितके ते जास्त हसत. तिच्या मागं पडद्यावर एमेट गॅरिटीनं दुसरं कडवं संपवलं, टोपी काढली, वाकला आणि पडदा काळा झाला.

ट्रूडी खाली बसली. तिचे गाल भिजले होते. तिनं त्याचा हात धरला आणि त्यानं तो धरू दिला. इतका हेवा त्याला तिचा कधी वाटला नव्हता आणि तो कुणाला दाखवायचा, हेही त्याला कळत नव्हतं.

हशा उतरायला लागला. उतरत होता, पण अजून मेला नव्हता. बारा वर्षांची सवय. नेमक्या त्या क्षणी एमेट तिच्याकडं वळला आणि नेमक्या त्या क्षणी तीही मान वर करून त्याच्या प्रश्नाची वाट बघायला लागली.

“मी थांबायला हवं होतं,” तो म्हणाला. “नाही का?”

“हो,” ट्रूडी म्हणाली.

यात हसण्यासारखं काही नव्हतं. पण मागच्या रांगेतल्या बाईनं ते ऐकलं आणि ती पुन्हा हसायला लागली.